आमच्या हिश्शाचे संडास

"फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणाऱ्याचं पोट नेहमी भरलेलं असतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं जालन्यात, ऐकता-बोलता न येणाऱ्या लेकरांच्या निवासी शाळेत, पालकांच्या मीटिंगला. बोलणारा होता शाळेचा अधीक्षक. लिहिताना मी त्याला अहो-जाहो करणार न्हाई, तोंडावर लई केलं.

तो म्हणाला, आता सुधारणा करायची. शाळा सरकारी पैशावर चालते म्हणून सगळं आयतं मागू नका. लाभार्थ्यांनीही खर्चाचा हिस्सा उचलायचा. ज्याला जमतं त्यानं दर महिन्याला पैसे भरायचे, ज्याला जमत न्हाई त्यानं महिन्यातून दोन दिवस शाळेत काम करायचं. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई, खोटं कशाला बोलू? कामाला मी कधी भ्याले? हात वर करून मी म्हटलं, मी काम करीन.

माझी पोरगी तिथं शिकून राह्यली होती. शाळेत जायच्या आधी ती घरात भिंतीवर डोकं आपटायची. तिला काय पायजे ते सांगता यायचं न्हाई, आम्हाला समजायचं न्हाई. शाळेत ती हातानं बोलायला शिकली. पहिल्या सुटीत घरी आली तं तिनं मला सपन सांगितलं: म्हैस घरात शिरली आन् बापाची चप्पल खाऊन गेली. मी हसता हसता रडले. लेकराच्या मनातलं एवढं मला कधी कळलंच नव्हतं. ती शाळा सुटली असती तं पोरगी पुन्हा भिंतीपाशी गेली असती.

कामं वाटली. घनसावंगीकडच्या एका बाईला स्वयंपाकघर, दुसऱ्या एकीला धान्य निवडायचं, आन् मला संडास-बाथरूम. म्हटलं, कुणाला तरी करावंच लागतं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा संडास. तिसऱ्या महिन्यातही तेच. मंग मी विचारलं, "साहेब, चिठ्ठ्या टाकून वाटता का कामं?"

तो हसून म्हणाला, "तुम्हाला सवय आहे ना."

सवय! माझ्या आज्ज्यानं धम्म घेतला त्या दिवशी गावकीची सगळी कामं सोडली. मेलं ढोर ओढायला गावानं बोलावलं तं त्यानं सांगितलं, तुमचं ढोर, तुम्हीच ओढा. माझ्या बापानं शाळेत मास्तरकी केली. मी शिलाई करते, शेतात जाते. संडास घासायची सवय मला कुठून लागली? त्यानं माझं आडनाव वाचलं होतं, बस्स.

"मला भाकरी येतात. स्वयंपाकघर द्या," मी म्हटलं.

त्यानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आवाज उतरवला. "माझं काही नाही हो. तुम्ही माझ्या घरी आलात तर मी चहा पाजीन. पण पालक बोलतात. जेवणाचा विषय आहे." कोण पालक, नाव सांगा, म्हटलं तं नाव सांगंना. वरून म्हणाला, "पटत नसेल तर पैसे भरा. तेही जमत नसेल तर तुमच्या मुलीच्या जागेसाठी बाकीची मुलं वाट बघताहेत."

घरी नवरा म्हणाला, "गप राहा. घोट गिळ. पोरीचं पाह्य." मी गिळला. किती कडू होता ते माझं मला माहीत.

मंग एका सकाळी मी बाथरूम घासून राह्यले होते, आन् पोरगी आली. तिनं झाडू उचलला, माझ्या बाजूला बसली आन् घासायला लागली. तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी दात घासत उभ्या होत्या, त्यातली एकही पुढं आली न्हाई. पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं बघून ठरवलं, की हे आपल्या घरचं काम हाये. मी झाडू हिसकून घेतला. तिला वाटलं आई रागावली, ती रडायला लागली. तिला समजावून सांगायला माझ्यापाशी खूण नव्हती.

पुढच्या महिन्यात मी थेट स्वयंपाकघरात शिरले. पगारी स्वयंपाकीण म्हातारी होती. ती म्हणाली, "ये माय, धर हे पीठ, माझे खांदे गेले." मी बसले थापायला. घनसावंगीची बाई पळी ठेवून तरातरा बाहेर गेली. थोड्या वेळानं अधीक्षक दारात.

"बाहेर या."

"भाकर तव्यावर हाये साहेब. करपंल."

तवर लेकरं पंगतीत बसली होती, भाकरी ताटात पडल्या होत्या. तो पंगतीत धावला आन् हातवारे करायला लागला. इतकी वर्षं त्या शाळेत काढली, पण गड्याला खुणा धड येत नव्हत्या. भाकरीकडं बोट दाखवायचा, हात हलवायचा, माझ्याकडं बोट दाखवायचा. विटाळ हातानं कसा सांगायचा ते त्याला येईना. लेकरं टकमक बघत राह्यली. एका पोराला वाटलं, भाकर गरम हाये म्हणून साहेब सांगून राह्यले. त्यानं फू-फू केलं आन् खाल्ली. मंग सगळ्यांनी फू-फू केलं. माझ्या पोरीनं दोन खाल्ल्या.

आठ दिवसांत फळ्यावर नोटीस लागली: कामाचा हिस्सा बंद, सगळ्यांनी पैसेच भरायचे. सुधारणेची सुधारणा! घनसावंगीची बाई गेटवर मला म्हणाली, "तुझ्यापायी आमचं पण गेलं." मी म्हटलं, "माझ्यापायी न्हाई बाई, तुमच्या सोवळ्यापायी."

मी धावडा गावाकडं मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला गेले. जाळीच्या आत दिवसभर वाकून या फुलाचा पराग त्या फुलाला लावायचा. आत अंग नुसतं उकडून निघायचं. पण पोरीची जागा मला सोडायची नव्हती.

महिना भरला तशी जालन्याला गेले. अधीक्षक खुर्चीत होता. मी नोटा पुढं केल्या. टेबलावर ठेवा म्हणाला न्हाई, सरळ माझ्या हातातून घेतल्या. मंग अंगठा जिभेला लावला, एक नोट सरकवली. पुन्हा जिभेला लावला, दुसरी सरकवली.

"साहेब, दमानं," मी म्हटलं. "माझ्या हातच्या हायेत त्या, आन् तुम्ही तोंडात घालून राह्यले."