सिस्टर अध्यक्ष झाल्या तेव्हा

भर सभेत "मले समजलं नाई" असं म्हणणारी एकच व्यक्ती आमच्या सोसायटीत होती. बाकी आम्ही सगळे माना हलवायचो. निबंधक कार्यालयाचं पत्र वाचून झालं की आमचे अध्यक्ष प्राध्यापक साहेब चष्मा काढून सगळ्यांकडे बघत आणि विषय पुढे जाई. मग मागून सिस्टर शांतपणे म्हणत, "मले समजलं नाई. अजून एकदा वाचा." दुसऱ्यांदा वाचताना लक्षात यायचं, की वाचणाऱ्यालाही समजलेलं नाही.

सिस्टर म्हणजे मडावी सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. सावंगीच्या रस्त्यावरच्या आमच्या सोळा घरांच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सिंदी रेल्वे या गावी दिलेली. बहिणीशी फोनवर त्या गोंडीत बोलत. जाता-येता कानावर पडायचं, कळायचं काहीच नाही. मधूनच 'सोसायटी', 'मीटिंग', 'सेक्रेटरी' असे शब्द ऐकू आले की मी मात्र सावध व्हायचो. कारण सेक्रेटरी मी होतो. अक्षर चांगलं, एवढ्याच पात्रतेवर.

त्या सुमाराला सहकाराचा कायदा बदलला. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात वेगळं प्रकरण आलं, मग त्याचे नियम, मग नियमांतली दुरुस्ती. मोबाइलवर रोज नवीन काहीतरी येऊन पडे. एकात लिहिलेलं, लहान सोसायटीनं निवडणूक आपली आपण घ्यावी. दुसऱ्यात, अधिकारी आल्याशिवाय घेऊच नये. समितीत महिलांच्या जागा हव्यात, अनुसूचित जाती-जमातीसाठी एक राखीव जागा हवी, एवढं नक्की होतं. प्राध्यापक साहेबांनी सभासदांची यादी बघितली आणि म्हणाले, सिस्टरांना घेऊन टाका, त्यांच्यात दोन्ही बसतं. हे त्या समोर बसलेल्या असताना. आज आठवलं तरी मान खाली जाते. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की दोन जागांवर एकटीनं कसं बसायचं. मग आणखी एका बाईंना तयार केलं.

पुढे कोणीतरी वाचून दाखवलं, की कारभारात चूक झाली तर समितीचे लोक स्वतः जबाबदार. झालं, इतकी वर्षं खुर्ची न सोडणाऱ्या प्राध्यापक साहेबांची तब्येत अचानक बिघडली आणि अध्यक्ष व्हायला कोणीच पुढे येईना. सिस्टर म्हणाल्या, मी होतो अध्यक्ष. त्या स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी करतो' अशाच बोलत.

अध्यक्ष झाल्यावर सकाळी दहाला त्या पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे यायच्या आणि समोर बसून म्हणायच्या, "वाचा." मी कलम वाचायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या. शेवटी प्रश्न ठरलेला: याच्यानं कोणाले त्रास होईल? मी म्हणायचो, कायद्यात तसं लिहिलेलं नसतं. त्या म्हणायच्या, मंग पुन्हा वाचा.

तशातच नऊ नंबरचे गुल्हाने वारले. त्यांची मुलगी सुनंदा सासर सोडून आली होती, वडिलांचं सगळं तिनंच केलं. नामनिर्देशन तिच्या नावाचं होतं. पुण्याच्या भावाचं पत्र आलं, की वारस मी आहे, तिला सभासद करू नका, सभेला बसू देऊ नका. आमची समज अशी, की नाव तिचं आहे तर घर तिचं. प्राध्यापक साहेब म्हणाले, नवीन कायद्यात तसं राहिलेलं नाही, तिला सध्या बाहेरच ठेवा. सुनंदा दाराशी उभी राहून ऐकत होती. आपण या इमारतीत कोण, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं.

सिस्टर मला घेऊन वर्ध्याच्या निबंधक कार्यालयात तीनदा गेल्या. पहिल्यांदा सांगितलं, वकील बघा. दुसऱ्यांदा वेगळंच काही सांगितलं. तिसऱ्यांदा एका कारकून बाईंनी पुस्तक उघडून समजावलं, की नाव दिलेल्या माणसाला तात्पुरतं सभासद करायचं. घर कोणाचं, ते वारसांनी आपसात नाहीतर कोर्टानं ठरवायचं. सिस्टरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, "म्हणजे निकाल आपल्याले द्याचा नाई. तिले दाराबाहेर उभं नाई कराचं, एवढंच आपलं काम." ठराव झाला. त्यावर सिस्टरांनी सावकाश, गोल अक्षरात सही केली. सुनंदा पहिल्यांदा सभेत खुर्चीवर बसली.

महिन्याभरात भावाची तक्रार आली. ती सुनंदाविरुद्ध नव्हती. तुमच्या अध्यक्षच सभासद नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. मी भागपत्रं, म्हणजे शेअर सर्टिफिकेटं, काढून बघितली. सिस्टरांचं घर नवऱ्याच्या नावावर होतं. नवरा गेला, कोणी अर्ज केला नाही, नाव चढलंच नाही. निवडणुकीच्या यादीत मी त्यांचं नाव लिहिलं होतं, कारण त्या घरात त्याच राहत होत्या. कागद तपासायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी घाबरत घाबरत त्यांना सांगायला गेलो. चूक माझी आहे, म्हणालो. त्यांनी माझ्या हातातलं भागपत्र घेऊन नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "दवाखान्यात किती लोकाईचे मेल्यावरचे कागद केले मी. याचाच कराले हात गेला नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि सोबत अर्जही. मुलीची संमती आली, रीतसर ठराव झाला. भागपत्राच्या मागे हस्तांतरणाचे रकाने असतात, तिथे मी त्यांचं नाव लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"वरचं नाव खोडत नाई ना?"

मी म्हणालो, नाही, ते तसंच राहतं, तुमचं त्याच्या खाली येतं. मग त्यांनी हात सोडला.

आता त्या सिंदीला मुलीकडे असतात, घराला कुलूप आहे. सभासद नसलेल्या अध्यक्षांनी सही केलेला सुनंदाचा तो ठराव टिकतो की नाही, हे मी तिघांना विचारलं. एक म्हणाला टिकतो, एक म्हणाला नाही, आणि तिसऱ्यानं मलाच विचारलं, की तुम्ही काऊन विचारून राह्यले. तेव्हापासून मी विचारणं सोडून दिलं. नऊ नंबरमध्ये सुनंदा राहते. सकाळी तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.