गाईने पास केलेली वीट

मला माणसं गोळा करता येतात. हा गुण आहे की रोग, ते पन्नाशी ओलांडली तरी कळलेलं नाही. कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याच्या बाजूला मी बादलीभर पाण्यात एक वीट बुडवून ठेवायचो आणि तिच्याकडे पाठ करून चहा प्यायचो. कप रिकामा होईपर्यंत बादलीभोवती पंधरा-वीस जण जमलेले असायचे. मग मी वीट काढायचो, दोन दगडांवर आडवी टाकायचो आणि तिच्यावर एका पायावर उभा राहायचो. वजन तेव्हाही भरपूर होतं. वीट मोडायची नाही.

"कच्ची वीट हाय ही," मी वरूनच सांगायचो. "भट्टी न्हाई, धूर न्हाई, एक बाभूळ तोडली न्हाई. नुसती माती, चिमूटभर सिमेंट आन् माझ्या दोस्ताचे दंड."

दोस्त मागे उभा असायचा. त्याला असं दाखवलेलं आवडायचं नाही. तो खाली बघायचा, आणि लोकांना वाटायचं हाही खेळाचाच भाग आहे.

हल्ली परिषदांमध्ये याला कमी कार्बनचं बांधकाम म्हणतात. मला शाल घालतात, मी भाषण करतो. नव्वदीच्या शेवटी शेवटी आमच्याकडे हा शब्द नव्हता. भूकंपानंतर लोकांना दगडमातीच्या भिंतीची धास्ती बसली होती. ज्याला त्याला भाजलेली वीट हवी होती आणि ओढ्याकाठच्या बाभळी भट्ट्यांमध्ये जात होत्या. मी कुठेतरी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि लांब दांड्याचं एक दाबयंत्र घेऊन आलो. साच्यात ओलसर माती भरायची, झाकण लावायचं, दांड्याला लोंबकळायचं. वीट बाहेर. मग तीन आठवडे ओल्या पोत्यांखाली.

दोस्त सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. हाडाचा गवंडी. ओळंबा लावायच्या आधी एक डोळा मिटून भिंत किती बाहेर गेलीय ते सांगायचा आणि ते बराबर निघायचं. भागीदारीच्या पहिल्याच दिवशी त्याने एक अट घातली.

"पहिलं घर माझ्या याडीचं."

तांड्यावर आईला याडी म्हणतात. त्याची याडी जन्मापासून कुडाच्या छपरात राहिलेली. काचा लावलेला जुना घागरा ती अंगावर घालत नव्हती, पण उंदरांच्या भीतीने गाठोड्यात बांधून उशाला घ्यायची. तिला भिंत हवी होती ती एवढ्यासाठीच. खुंटी ठोकायची आणि घागरा टांगायचा.

"तुमच्या इटंत खुंटी बसती का?" तिने मला विचारलं होतं.

"याडी, खुंटी काय, हत्ती बांध."

"हत्ती कुठून आणू रं लेका. एक गाय हाय, तिलाच चारा पुरंना."

आता मातीचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. दोस्ताचं म्हणणं, तांड्यामागच्या माळावरची मुरमाड तांबडी माती घ्यावी. ती खोदायला जिवावर यायची, चाळायला दोन माणसं लागायची. मला मात्र पुसेगावच्या बाजूला एका पडक्या गढीची पांढरी माती सापडली होती. काय माती होती. पिढ्यान् पिढ्या पावसाने चाळून ठेवलेली, हाताला पिठासारखी. वीट अशी निघायची की कडा बर्फीसारख्या. आणि आमच्या भागात पांढऱ्या मातीची जाहिरात करावीच लागत नाही. दर उन्हाळ्यात माणसं गाड्या भरभरून ती आणतात आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर पसरतात. तिच्यातून पाणी उतरत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी नाक्यावर फक्त एवढंच विचारायचो, "तुमच्या आज्याच्या धाब्यावर कोणती माती व्हती?" गर्दी एका सुरात सांगायची, "पांढरी." झालं. छतावर जी पाणी अडवते ती भिंतीत का अडवणार नाही? असं मला वाटलं. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं.

गाईला वाटलं नाही.

याडीचं घर जोत्यापर्यंत आलं होतं. विटांची थप्पी अंगणात, वर ओली पोती. याडीची गाय दावं ताणून तिथे पोचली, तोंडाने पोतं बाजूला सारलं आणि वीट चाटायला लागली. मन लावून, डोळे अर्धे मिटून. मी हातातलं घमेलं टाकून दोन्ही हात वर केले.

"बघा तांडेवाले! गाय पास करून राहिली!"

सगळे हसले. याडी हसली नाही. तिच्या घराण्यातले लोक कधीकाळी बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलुख फिरायचे. मिठाचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"जनावर उगाच चाटत न्हाई, लेका. ह्या मातीत मीठ हाय."

"मग तर लई बेस. भाजीला मीठ कमी पडलं की भिंतीला भाकर घासायची."

आता मात्र तीही हसली. तिला माझ्या बोलण्याचं हसू यायचं, आणि मला ते माहीत होतं. दोस्ताने विटेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"खारट हाय."

"तुझ्या घामाचं आसंल. दिवसभर दांडा ओढून राहिला."

तो म्हणाला, "तू शिकून आलास. तुला ठावं." आणि खाली बसून पुढची वीट लावली.

त्या दिवसापासून गाईची गोष्ट मी नाक्यावर सांगू लागलो. गाय कशी डोळे मिटते ते करून दाखवायचो. खूप चालली ती. डोंगरकडा गावाहून दोघे जण मुद्दाम वीट बघायला आले.

घर उन्हाळ्यात पुरं झालं. टिनाचं छत, एक दार, एक खिडकी. याडीने स्वतः जमीन सारवली. दोस्ताने खुंटी ठोकली आणि तिने घागरा टांगला. खिडकीतून ऊन आलं की त्या काचांचे ठिपके समोरच्या भिंतीवर पडायचे आणि ती त्यांच्याकडे बघत तंबाखू मळायची. "बघ, हत्ती बांधला तरी निघत न्हाई खुंटी," मी म्हणायचो. "थांब, आजून पाऊस कुठं पडला," ती म्हणायची.

पाऊस पडला. वरून थेंब आला नाही. ओल खालून चढली. श्रावणात भिंतीच्या पायथ्याशी पांढरी लव दिसायला लागली, मिसरूड फुटावं तशी. मी म्हणालो, भिंत वयात आली. पोळ्याला ती लव कमरेएवढी वर आली होती. मग विटा सुटायला लागल्या. पडल्या नाहीत, सुटल्या. पापुद्र्यामागे पापुद्रा. रोज सकाळी याडी जमिनीवरचं पांढरं पीठ झाडून काढायची आणि दुपारपर्यंत तेवढंच परत पडलेलं असायचं. गाय आता दारात बांधावी लागायची नाही. ती आपणहून भिंतीशी उभी असायची.

लोणा लागला होता, म्हणजे मातीतला खार ओलीबरोबर वर येऊन विटा फोडत होता. गढीच्या त्या मातीत शेकडो वर्षांची राख होती, गोठ्यांची लघवी होती, माणसांचं सगळं होतं. छतावर असते तेव्हा पाऊस दरवर्षी तिचा खार धुऊन नेतो आणि दरवर्षी नवी माती पडते. भिंतीत आपण तिला कोंडून ठेवतो. हे मला पुढे कळलं. याडीला आणि दोस्ताला आधी कळलं होतं, गाईसकट.

दिवाळीच्या आत खुंटी निघून आली. याडी तेव्हा घरातच होती. तिने घागरा झटकला, घडी केली, गाठोड्यात बांधला आणि जुन्या छपरात जाऊन बसली. मी गेलो तेव्हा मला म्हणाली, "च्या घेतूस का?" मला काहीतरी बोलायचं होतं, तिला हसू येईल असं. सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं नाही.

त्या हिवाळ्यात ती गेली. म्हातारी होती, खोकत होती. घर असतं तरी गेली असती, असं सगळे म्हणाले. दोस्तही म्हणाला. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचा काही उपयोगही नाही.

तेरा दिवस झाल्यावर त्याने भिंती उतरवल्या. मी न बोलावता गेलो. पडक्या गढीची माती आमच्याकडे शेताला खत म्हणूनही घालतात, म्हणून आम्ही त्या विटा बैलगाडीत भरून त्याच्या रानात नेल्या आणि फोडून पसरल्या. दुपारी फावडं टेकवून तो म्हणाला,

"तुझं काही चुकलं न्हाई. मी चाखली व्हती."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी कुठेतरी ठेवून दिल्या असत्या.

तो परत यंत्राकडे आला नाही. भाजलेल्या विटांची भिंत बांधायला लोक त्याला नेत राहिले. मी दोन-तीन वर्षं यंत्र ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. मग डोंगरकड्याजवळ जागा घेतली आणि माळाची तांबडी माती आणली, तीच, जी त्याने पहिल्या दिवशी सांगितली होती. आता त्या विटांची घरं उभी आहेत, पावसाळे काढतायत. नवी माती आली की मी आधी जिभेला लावतो. गिऱ्हाइकांना तो माझा खेळ वाटतो. ते हसतात, मीही तोंड वाकडं करून दाखवतो. माणसं गोळा होतात.

नव्या मातीची पहिली चांगली वीट मी तांड्यावर घेऊन गेलो होतो. दोस्त अंगणात होता. त्याने ती हातात घेतली, कडा पाहिल्या, बोट फिरवून जिभेला लावलं. मग उठला आणि ती गाईपुढे, गव्हाणीत नेऊन ठेवली. तीच गाय, म्हातारी झालेली. तिने वीट हुंगली, नाक फुंकलं आणि तोंड फिरवून कडबा खायला लागली.



"चाटत न्हाई," तो म्हणाला. मग याडीच्या छपराकडे बघून जरा मोठ्याने, आत कुणीतरी ऐकत असल्यासारखा, परत म्हणाला, "चाटत न्हाई बघ."