देवमनचा लाडू

दर्यापूर-अकोला लाइनवर काळी-पिवळी जीप चालवणारा देवमन कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. हप्ता मागणाऱ्या एका हवालदाराला त्यानं भर स्टँडवर, सवाऱ्यांच्या देखत, "पावती दे, मंग घे," असं सुनावलं होतं. अशा माणसाची जीभ एकदाच टाळूला चिकटली, तीही लाडवापायी.

सलग दुसऱ्या साली सोयाबीन बुडालं तेव्हाची गोष्ट. शेतकऱ्याच्या घरात काही आलंच नाही तर बाजाराला कोण जाणार? रविवारी जीप रिकामीच. कधी सवारी मिळाली तर पाहणीला आलेल्या साहेबांची. बांधावर फोटो काढायचे, चहा प्यायचे, निघायचे. त्यात अमरावतीला कॉलेजात शिकणारी त्याची पोरगी आचल सुट्टीत एक खेळ घेऊन आली. कुणीतरी रानात डबा लपवायचा, जागा मोबाइलवर टाकायची. दुसऱ्यानं मोबाइलचा बाण पाहत तो हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच ठेवायचा.

"ह्याच्यात भेटते काय?" देवमननं विचारलं.

"डबा भेटते, बाबा."

"आपल्या घरी का डबे कमी हायेत?"

पण गेला. अचलपूरकडचा पहिला डबा सापडला तेव्हा पोरीच्या आधी हाच ओरडला. बायको सुभद्रा दशम्या, ठेचा, वांग्याची भाजी बांधून घ्यायची. दिवस कलला की जीपच्या सावलीत सतरंजी टाकून तिघं जेवायची. घरात बापाशी हूं-हांच्या पुढे न जाणारी आचल तिथं पोट धरून हसायची, मैत्रिणींच्या नकला करायची. नोकरी लागली की ती जाणार होती. तोवरचे हे रविवार देवमनला हवे होते. बोलून मात्र दाखवलं नाही कधी.

मग आचलनं स्वतःचा डबा लपवायचं ठरवलं. पातूरच्या टेकडीवर, पळसाच्या बुडाशी. सुभद्राचा जुना कडीचा डबा, आत कागद, पेन्सिल, एक की-चेन. "खायचं काही ठेवायचं नाही. माकडं येतात," तिनं दोघांनाही बजावलं. दगड रचायला देवमन मागे थांबला. डबा हातात घेतला तर पिसासारखा हलका. कोण कुठला माणूस एवढं ऊन तुडवत येणार, आणि त्याच्या हाती आपल्या घरचा रिकामा डबा? सुभद्रानं शेजारणीचा डबासुद्धा कधी रिकामा परत केला नव्हता. त्यानं खिशातला तिळाचा लाडू आत ठेवला.

पहिलं कोण शोधतं म्हणून आचल रोज मोबाइल उघडायची. शेवटी नागपूरचं एक जोडपं पोचलं. त्यांनी फोटो पाठवला: उघडा, चेपलेला डबा, कागदाच्या चिंध्या, लाडवाचा चुरा. दोघं एवढ्या लांबून येऊन तशीच परत गेली.

"आई, तुले सांगतलं होतं ना!" आचल रडायलाच आली.

सुभद्रानं देवमनकडे पाहिलं. त्याला "मी ठेवला," एवढंच म्हणायचं होतं. हवालदाराला पावती मागणारा देवमन गप्प. वर पोरीवरच कडाडला, "बंद करा हे थेर! डिझेल का नळाले येते?"

खेळ बंद झाला. रविवारही गेले. आचलला पुण्यात नोकरी लागली. फोन आला तर आईला, आणि तोही कामापुरता.

परवा एक सवारी पातूरला सोडून देवमन सुभद्रासोबत त्या पळसाखाली जेवायला बसला. दोनदा घास खाली ठेवला.

"लाडू मी ठेवला होता."

"मले का नवीन सांगून राह्यले? तुमच्या खिशाले तेलाचा डाग होता. सदरा मीच धुतला."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी बोलान, म्हनून."

तिनं आचलला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"बाबा? तुमी? काय झालं?"

"काई नाही. पातूरले आलो. जेवून राह्यलो."

पलीकडून तिनं विचारलं, "काय आणलं?"

"दशम्या," देवमन म्हणाला. "ठेचा." आणि लाडवाचं सांगायचं सोडून, "भाजी वांग्याचीच हाय."

"बरं. सावकाश जेवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.