म्हस मधी आलती

माझ्या स्कूटरच्या अपघाताच्या दाव्यासाठी मी लोकअदालतीत गेलो होतो. बाकावर शेजारी मंगळवार पेठेतला एक गवळी बसला होता. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार काढून देणारा. कारच्या धडकेत त्याचा उजवा अंगठा कायमचा ताठ झाला होता. बोलताना उरलेली चार बोटं तो सारखी मिटायचा, आचळ हातातच असल्यासारखी.

त्याचा वकील हळू आवाजात त्याला पढवत होता, "तुमचं पोटच अंगठ्यावर आहे, म्हणून भरपाई चांगली मिळेल. फक्त म्हैस रस्त्याच्या कडेला होती, असं सांगा. तुमची चूक निघाली की रक्कम कापली जाते."

पुकारा झाला. मी दारातूनच ऐकत होतो. पॅनेलवरच्या बाईंनी विचारताच हा समोर बसलेल्या कारवाल्याकडे हात करून खणखणीत आवाजात म्हणाला, "म्हस मधी आलती, बाईसाहेब. तिला वाचवाय ह्यांनी गाडी वळिवली, ती माझ्या अंगावर आली. माझं जित्राब वाचवणाऱ्याच्या माथी सगळी चूक कशी मारू?"

वकिलानं कपाळाला हात लावला. मला मात्र आत जाऊन गवळ्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

रक्कम कापली गेलीच. चार बोटांत पेन धरून त्यानं सही केली. कारवाला मान खाली घालून बसला होता. जाताना हा त्याच्यापाशी थांबला.

"पावणं, संध्याकाळी कट्ट्यावर या की दूध प्यायला. धार आता बायको काढती, पर म्हस तीच हाय."