जावेच्या बांधीत उभं राहून काढलेला फोटो

माय, हे नीट बसून वाच. फोनवर "येते, येते" म्हणते अन् सहा महिने तोंड दाखवत नाई. घुग्घुस काय परदेशात आहे? माहेरी काय झालं ते तुले दुसऱ्याकडून कळते, याची थोडी लाज वाटाले पायजे. म्हणून मीच लिहून पाठवून राह्यली.

मागच्या हंगामातली गोष्ट. धानाचा बोनस पायजे असेल तर पीक पाहणी करा लागते. आपल्या बांधीत उभं राहून मोबाईलनं धानाचा फोटो काढाचा, मंग सातबाऱ्यावर धान चढते. नाई चढलं तर सरकारच्या लेखी वावर पडीत, अन् बोनस गेला. शेवटची तारीख जवळ आली, तवा तुझी वहिनी मले तळ्याकडं, बोडीखालच्या बांधीत घेऊन गेली. धान नुकता निसवला होता, कंबरेएवढा. मी पदर सारखा करून उभी राह्यली. मोबाईल म्हणे, तुम्ही तुमच्या शेतात नाई.

"आई, जरा सरका."

सरकली. पुन्हा तेच. जिथी चाळीस वर्षं रोवणा केला, तिथीच मी परकी. वहिनीनं नकाशा उघडला अन् म्हणाली, "आई, तुमची बांधी तर काकूच्या घरामागं दाखवते."

तवा मले आठवलं. वाटणीत घरामागची बांधी आपल्याले आली होती अन् बोडीखालची तुझ्या काकूले, माझ्या धाकट्या जावेले. तिचं लेकरू अंगावर पिणारं, एवढं दूर जाणं तिले होईना. मी म्हटलं, तू जवळची घे, मी दूरची करते. दोघींनी तोंडानं ठरवलं, नवऱ्याइनं मान हलवली, झालं. कागद कराले कोण जाते? इकडं कितीकांचं असंच आहे.

आता फोटोसाठी तिच्या बांधीत जाणं आलं, अन् आमचं तर बोलणं बंद. तिच्या कोंबड्याइनं माझे रोवण्यासाठी टाकलेले पऱ्हे उकरले होते, मी चार शब्द जास्त बोलली होती. मनात भलतंच येऊन राह्यलं. ती नाई म्हणाली तर बोनस बुडते. अन् कागद पाहून बोडीखालची बांधीच परत मागितली तर?

वहिनीले घेऊन गेली तिच्या अंगणात. ती तांदूळ पाखडत होती. वर पाह्यलं नाई.

"तुझ्या बांधीत थोडी उभी राहू का? फोटो काढाचा आहे."

"दोन दिवस लावले बाई तुम्ही," ती म्हणाली. "मोबाईल मलेही तुमच्याच बांधीत पाठवून राह्यला."

"मंग तू काऊन नाई आली?"

"मी काऊन येऊ? शिव्या तर मीच खाल्ल्या होत्या."

वहिनी तोंडाले पदर लावून हसली, मंग आम्हीही. मी तिच्या धानात उभी राह्यली, ती माझ्या. "नीट उभ्या राहा बाई," मले म्हणे, "सरकारले वाटलं पायजे का हे तुमचंच वावर आहे." दोन्ही फोटो गेले. बोनस दोघींच्याही खात्यात आला. तिचा आधी आला म्हणून आठ दिवस मले चिडवत होती. चिडवू दे म्हटलं. किती दिवसांनी मी पोटभर जेवली.

बांधीचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "या वयात मले बोडीपर्यंत चालवता का? आहे तसं राहू द्या. पण लेकराइले सांगून ठेवा." तलाठी म्हणते, अदलाबदलीचा कागद होते. आम्ही करणार आहो. पण त्याच्या आधी तुम्हा लेकराइनं डोळ्यानं पाहून घेतलेलं बरं, मागं भांडण नको. तर धान कापाच्या आत ये माय. दोघी मिळून तुले दोन्ही बांध्या दाखवून आणतो.