अर्ध्या दिवसाची प्रज्ञा

दीड वाजला की प्रज्ञा गायकवाड कॉम्प्युटर बंद करायची, खुर्ची टेबलाखाली सरकवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “निघाले मी.” आमच्या ऑफिसात लवकर निघायची एक रीत होती. जॅकेट खुर्चीच्या पाठीवर तसंच ठेवायचं, स्क्रीन चालू ठेवायचा, टेबलावर चष्म्याचं रिकामं घर ठेवायचं आणि लिफ्ट टाळून जिन्याने उतरायचं. ही मुलगी मात्र पर्स खांद्याला लावून, दोन्ही बाजूंच्या टेबलांमधून, सरळ दाराने जायची. सुरुवातीला मला तिचा तिटकारा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं ऑफिस अंधेरीला, मरोळच्या एका काचेच्या इमारतीत. काम मेडिक्लेमचे कागद तपासायचं. हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्जचे कागद, रिपोर्ट वाचायचे आणि दावा मंजूर करायचा की शंका काढून परत पाठवायचा, ते ठरवायचं. मी तिथला जुना माणूस. जोगेश्वरीला राहणारा, गिरणी कामगाराचा मुलगा; साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, एवढं एकच तत्त्व घेऊन मी सुपरवायझरपर्यंत पोचलो होतो. प्रज्ञाला आधीच्या मॅनेजरने सकाळी साडेआठ ते दीड अशा वेळेवर, अर्ध्या पगारावर घेतलं होतं. वय तिशीच्या आतलं. लग्न झालेलं, नवरा निलेश शाळेत शिक्षक. मूल नाही. आजारी माणूस घरात नाही. मग अर्धा दिवस कशासाठी, हे कुणालाच कळेना, आणि जे कळत नाही ते आमच्या ऑफिसला चोवीस तास चघळायला पुरायचं.

तिच्या शेजारी शिर्के मॅडम बसायच्या. मनाने वाईट नव्हत्या, पण दुसऱ्याच्या घरातली भांडी उघडून बघायची सवय. एकदा डबा खाताना त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “ट्रीटमेंट चालू आहे का गं? माझ्या भाचीला मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंचा गुण आला. नंबर देते.”

“ट्रीटमेंट कसली?” प्रज्ञाने विचारलं. “आम्हाला मूल नकोय, मॅडम. आत्ताही नको, बहुतेक पुढेही नको.”

“अगं, मग एवढा वेळ घेतेस तो कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

शिर्के मॅडमचा चेहरा घासात केस आल्यासारखा झाला. प्रज्ञा चपाती मोडत शांतपणे म्हणाली, “आणि माझं पोट हा डब्याच्या वेळचा विषय नाही.” त्या दिवसापासून मॅडमनी तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं आणि कामाव्यतिरिक्तचं सगळं आमच्याशी बोलू लागल्या.

काम तिचं चोख होतं, ही माझी खरी अडचण. कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा दावा तीनदा परत गेला होता. हॉस्पिटलच्या कागदावर नाव ‘शंकर बाबू’ आणि पॉलिसीवर ‘शंकर बाबुराव’. तीनातली एक शंका माझ्या सहीची होती. चौथ्यांदा फाईल प्रज्ञाकडे आली. तिने हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्याला फोन लावला, मग त्या गृहस्थांच्या मुलाला लावला, आणि दुपारच्या आत दुरुस्त कागद मागवून दावा मंजुरीला पाठवला.

मी म्हटलं, “एवढी खटपट कशाला? शंका टाकून मोकळी झाली असतीस.”

“शंका टाकली की तीच फाईल परवा परत माझ्या टेबलावर, सर. मला परवा दुसरी फाईल बघायचीय.”

त्यात दयेचा आव नव्हता. ती काम संपवायची, कारण तिला ते संपवून जायचं असायचं. आम्ही संपवत नव्हतो, कारण आम्हाला कुठे जायचंच नव्हतं. पाचनंतर आमच्या मजल्यावर काय चालायचं ते लिहायला आज मला शरम वाटते. एक जण बोटं टेबलाच्या कडेला धरून नखं कापायचा, ती कार्पेटवर उडायची. कुणी मोबाईलवर आवाज बंद करून काहीबाही बघत, मधूनमधून माऊस हलवत राहायचं. मायक्रोवेव्हमध्ये कुणाची तरी आमटी उतू गेलेली असायची, तिच्यावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची उतू जायची. आणि मी केबिनच्या काचेकडे बघत बसायचो, साहेबांनी बॅग उचलली का. प्रज्ञा एकदा मला म्हणाली होती, “तुम्ही लोक वेळ मारून नेता, सर. मी घेऊन जाते.” मला ते उद्धट वाटलं होतं.

पण ती वेळ घेऊन जाते कुठे, हे मला बघायचं होतं. एका फाईलवर तिची सही राहिली होती आणि मला त्याच दिवशी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात चौकशीला जायचं होतं. सही दुसऱ्या दिवशी सकाळी घेता आली असती. तरी मी दुपारी तीनच्या सुमाराला तिथल्याच पंतनगरला तिच्या घरी गेलो. मनात दोन शक्यता होत्या. एक तर ती चोरून दुसरी नोकरी करत असेल, नाही तर गरीब मुलांना शिकवणं वगैरे काही थोर काम करत असेल. पहिलं निघालं असतं तर मी तिला पकडलं असतं. दुसरं निघालं असतं तर माफ केलं असतं.

दार तिनेच उघडलं. केसांना तेल, अंगावर चुरगळलेला गाऊन, गालावर उशीची घडी उमटलेली.

“सर, तुम्ही? या ना.”

खोलीत एक दिवाण, एक टेबल, पुस्तकांचं एक कपाट. जमिनीवर वर्तमानपत्रावर मेथीची जुडी अर्धवट निवडून ठेवलेली. दिवाणावर एक बाई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. मी लॅपटॉप कुठे उघडा दिसतो का ते बघितलं. नव्हता.

“मग, काय चाललंय?” मी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काही नाही, सर. जेवले, झोपले, आत्ता उठले. चहा टाकतेय, तुम्ही घेणार ना?” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती हसली. “तुम्हाला वाटलं असेल मी अनाथाश्रमात वगैरे जाते.”

मी सहीचा कागद पुढे केला. तिने सही केली, चहा आणला आणि झोपलेल्या बाईंकडे मान करून हळू आवाजात म्हणाली, “माझी आई. विक्रोळीला राहते. जालन्याकडून आली तेव्हापासून पवईच्या बिल्डिंगांमध्ये धुणीभांडी केली. सकाळची घरं संपायची तेव्हा दुपारची सुरू व्हायची. मी अर्ध्या दिवसाची नोकरी घेतली तेव्हा महिनाभर बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, एवढं शिकवलं ते याच्यासाठी का?”

“बरोबरच आहे त्यांचं,” मी म्हटलं.

“मी म्हटलं, एकदा दुपारी येऊन बघ. पहिल्यांदा आली ती माझी भांडी घासायला बसली. दुसऱ्यांदा नुसती बसून राहिली, सारखी घड्याळाकडे बघत. तिसऱ्यांदा झोपली.” प्रज्ञा चहाचा घोट घेऊन म्हणाली, “आमच्या घराण्यात दुपार कुणी बघितलेली नव्हती, सर. पहिली मीच.”

“आणि भागतं का एवढ्यात?”

“भागवतो. एसी नाही, गाडी नाही, फिरायला गेलो तर एसटीने. निलेशचं आणि माझं ठरलंय. उद्या नाही भागलं तर पूर्ण वेळ करीन. पण गरज नसताना उगाच कशाला?”

हे सगळं तिने सरळ सांगितलं होतं. मला त्यातून काही कळायला हवं होतं. पण जिना उतरताना माझ्या तोंडाला कडू चव आली होती. ही तरणीताठी, धडधाकट मुलगी दुपारी झोपते. माझ्या बायकोची, पोरांची, माझी स्वतःची एकही दुपार मला आठवत नव्हती आणि ही मेथी निवडत बसते. मला तिची शिसारी आली. ती खरं तर माझीच होती, तिची नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी शिर्के मॅडमना सांगितलं, “काही करत नाही ती. झोपते.” त्यावर मॅडम म्हणाल्या, “ह्या लोकांना सगळीकडे सूट हवी असते.” ‘ह्या लोकांना’ म्हणजे कुणाला ते मला कळलं. त्यांनाही माहीत होतं की मला कळलंय. प्रज्ञाच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्याकडे त्यांनी नजरही टाकली.  मी हसल्यासारखं केलं. तोंडातल्या तोंडात, पण केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा मॅनेजर आला. रोहन नाव, पस्तिशीचा, सगळ्यांना साहेब-मॅडम न लावता हाक मारणारा. त्याच सुमाराला आमच्यातल्या दोघांनी, स्नेहा आणि फरहानने, अर्ध्या वेळेसाठी अर्ज केले. दोघंही बिनलग्नाची. प्रज्ञाकडे बघूनच त्यांना धीर आला होता. रोहनने मला केबिनमध्ये बोलावलं.

“दळवी, हे पसरतंय,” तो म्हणाला, जणू नायटाच झालाय. “लहान मूल असेल, आई-वडील आजारी असतील, तर मी समजू शकतो. पण नुसतंच? माझा मुलगा दोन वर्षांचा आहे, मी त्याला रविवारी बघतो. आणि ही लोकं घरी जाऊन झोपणार?”

हेड ऑफिसचा एक फॉर्म आला. अर्धवेळ काम करणाऱ्यांनी कारण द्यायचं. मुलांचं संगोपन, घरातलं आजारपण, स्वतःचं आजारपण, शिक्षण, आणि शेवटी ‘इतर’. मी फॉर्म घेऊन प्रज्ञाकडे गेलो. तिचं भलं करावं असंच तेव्हा मनात होतं.

“आईचे गुडघे लिही,” मी म्हटलं. “कोण बघायला येतंय?”

“आईचे गुडघे चांगले आहेत, सर. उद्या खरंच दुखले तर काय लिहू?”

“अगं, काहीतरी लिही. ह्यांना फक्त कागदावर कारण हवंय.”

“कारण आहे की.” आणि ‘इतर’समोर तिने लिहिलं, ‘मला हवं आहे म्हणून.’ इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. “दुःख दाखवलं की सुट्टी मिळते, हे मला पटत नाही,” ती म्हणाली. “मी बरी आहे. बऱ्या माणसाला पण घरी जायचं असतं.”

रोहनने तो फॉर्म वाचला आणि मला म्हणाला, “तिच्यावर एक रिपोर्ट द्या. कामात खोट नाही हे मला माहीत आहे. एवढंच लिहा की ती उपलब्ध नसल्यामुळे टीमच्या कामावर परिणाम होतो.”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. माझी निवृत्ती जवळ होती, मला कुणी काढणार नव्हतं. बढतीही मिळणार नव्हती. काही गमवायचं नव्हतं आणि काही मिळवायचंही नव्हतं, तरी मी ते वाक्य लिहिलं. वर आपल्या पदरचं एक घातलं: तिच्या वागण्याने इतरांच्या निष्ठेवर वाईट परिणाम होत आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंतनगरच्या जिन्यात तोंडाला आलेली कडू चव मी त्या कागदावर थुंकलो.

तिला सांगण्यात आलं, पूर्ण वेळ करा, नाही तर महिनाअखेर सोडा. ती सोडते म्हणाली. शेवटच्या दिवशी सकाळी ती रिपोर्टची प्रत घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली.

“सर, माझ्यामुळे तुमचं कुठलं काम अडलं? एक सांगा.”

“साहेबांनी लिहायला सांगितलं,” मी म्हणालो.

“ते मला कळतं. मी तुम्हाला विचारतेय. एक काम सांगा.”

मी समोरची फाईल उघडून पानं उलटू लागलो. आजूबाजूचे सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून ऐकत होते. शिर्के मॅडम स्टेपलरमध्ये पिना भरत होत्या.

“आणि हे दुसरं वाक्य?” तिने कागदावर बोट ठेवलं. “हेही साहेबांचं?”

मी मान वर केली. ती चिडली असती, रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फ्रीजमध्ये विसरलेला डबा चार दिवसांनी उघडल्यावर माणूस जसा मागे सरतो, तशी ती एक पाऊल मागे सरली. मग कागदाची घडी करून जागेवर गेली आणि दीड वाजेपर्यंत राहिलेल्या फायली पूर्ण केल्या.

तिच्या जागी कुणी आलं नाही. तिचं काम आमच्यात वाटलं गेलं आणि आम्ही आणखी उशिरापर्यंत बसू लागलो. स्नेहाने अर्ज मागे घेतला. फरहान दोन महिन्यांत सोडून गेला. रोहनने माझं मीटिंगमध्ये कौतुक केलं, टीम सांभाळल्याबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या बसून घेतल्या.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. घरी बसल्यावर कळलं की मला बसता येत नाही. जेवण झालं की मी उठून पॅसेजमध्ये फेऱ्या मारतो, बायको म्हणते, “अहो, कुठं जायचंय तुम्हाला?” एका दुपारी मी फरहानकडून प्रज्ञाचा नंबर घेतला. झोपली असेल म्हणून चारपर्यंत थांबलो, मग लावला. ती आता मुलुंडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. सकाळचीच वेळ. आई बरी आहे, निलेश बरा आहे, तिने सांगितलं. आवाज नेहमीसारखा, सरळ.

मी पाठ करून ठेवलेलं बोललो. पहिलं वाक्य साहेबांचं होतं, दुसरं माझं होतं, ते खोटं होतं, मला त्याची लाज वाटते. तिने मधे तोडलं नाही. 

“तुम्ही ते लिहिलंत हे मी विसरलेली नाही, सर,” ती म्हणाली. “पण ते उगाळतही बसत नाही. माझ्याकडे वेळ भरपूर आहे. त्याच्यासाठी नाही.”

मग तिने माझी तब्येत विचारली, बायकोला नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला.