पक्की फुलं

आमच्या गावाशेजारी, मावळात, गुलाबाचं पॉलिहाऊस होतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. मधली काही वर्षं धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेली आणि अठरा पूर्ण झाल्याचा कागद हातात आल्यावर मी तिथे कामाला लागले. तिथे एकच गोष्ट नीट शिकवली: गुलाब उमलायच्या आत कापायचा. सुपरवायझर कळी दोन बोटांत धरून दाबायचे. घट्ट लागली तर म्हणायचे, "पक्का माल." मऊ लागली, पाकळी सुटलेली दिसली, तर "फुटलेला". फुटलेला माल दाराशी ढिगात जायचा. पक्क्या मालाला जाळीची टोपी घालून, खोक्यात भरून गाडीत चढवायचे. पुढे ते फूल कुठे जाऊन उमलायचं ते आम्हाला माहीत नसायचं. नऊ वर्षांत मी किती गुलाब कापले असतील, पण नीट उमललेले पाहिले ते दाराशी ढिगातलेच.

हाताला सवय लागली होती. शाळेचं विचारलं की मी गप्प व्हायचे, पण कळीचं कोणी विचारलं तर मला सांगता यायचं.

लग्नानंतर नवऱ्याची ग्वाल्हेरजवळच्या एका कारखान्यात बदली झाली. ते मशीन फिटर. बिर्ला नगरमध्ये एक खोली आणि पुढे ओटा एवढी जागा मिळाली. हे सकाळी साडेसातला जायचे. मग मी गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचे, कडी बघायचे, आणि बाहेर निघाले की अर्ध्या वाटेतून परत यायचे. हिंदी मला टीव्हीएवढी यायची. भाजीवाल्याशी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवून घ्यायचे. तोवर तो पुढे गेलेला असायचा.

आमच्या गल्लीच्या मागे एक भिंत घातलेला प्लॉट आहे. एक दिवस त्या भिंतीपलीकडून आवाज आला: "अगं जा ना बाई, कशाला फालतूमध्ये त्रास देते आहेस!" मराठी ऐकून मी चपला न घालता पळत गेले. फाटकातून पाहिलं तर साठी उलटलेल्या एक बाई गाईशी बोलत होत्या. गाय अर्धी फाटकाच्या आत होती.

मी विचारलं, "तुम्ही महाराष्ट्रातल्या का?"

"हो," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे नाही. आमचे लोक फौजेबरोबर आले होते. दोनशे वर्षं तर झाली असतील. तू?"

"मला आठ महिने."

त्या बँकेतून रिटायर झालेल्या. राहायला शहरातल्या सिटी सेंटर भागात, प्लॉट त्यांच्या सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला. मी त्यांना काकू म्हणायला लागले ते त्याच दिवशी. आत फुलांचे वाफे होते. एका रोपाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कोणतं, पत्ता आहे का तुला?"

मी म्हटलं, "आहे ना, मागची गल्ली, हँडपंपासमोरचं दुसरं घर."

काकू बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इकडच्या मराठीत 'पत्ता' म्हणजे 'माहीत', हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी तिथे कामाला आहे.

काकूंचं म्हणणं साधं होतं. सिटी सेंटरच्या दुकानांतली फुलं दिल्लीहून येतात, दिल्लीला आणखी कुठून कुठून येतात. काकू फक्त इथल्या मातीत, त्या त्या महिन्यात येईल तेच लावणार आणि तेच विकणार. औषध मारायचं नाही. फुलं खोचायचा हिरवा स्पंज वापरायचा नाही. फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून द्यायची. पहिल्यांदा मला वाटलं, पेन्शन आहे म्हणून चाललंय. एकदा माझ्यासमोर फोन आला, ग्लॅडिओला आहेत का म्हणून. काकू म्हणाल्या, "नाहीयेत. फेब्रुवारीत या." आणि फोन ठेवला. विकणाऱ्या माणसाने इतक्या सहज नाही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पावसाळ्यात काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले. एका सकाळी त्या म्हणाल्या, "बघ बेटा, या सीझनला बघू. पाच-सहा घरं दर शनिवारी फुलं घेणारी लागली, तर पुढच्या वर्षीपण करू, तुला पूर्ण दिवसाचं ठेवते. नाही लागली तर बंद. माझ्याने एकटीने नाही होत आता."

रागाने म्हणाल्या नाहीत. पण ते वाक्य मी भाकऱ्या थापताना, कपडे पिळताना मनात म्हणायचे. त्या प्लॉटवर मी दिवसभर मराठी बोलायचे. तिथे गॅस आठवायचा नाही. बंद झालं तर परत खोली आणि कडी.

तेव्हा शनिवारची दोनच घरं होती.

दसऱ्यानंतर शहरातल्याच हरिशंकरपुरम वस्तीतून ऑर्डर आली. मराठीच घर, मोठं गणगोत. आजोबांना एक्क्याऐंशी पूर्ण होत होती, सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळणार, आणि सूनबाईंच्या मनात होतं की पितळेच्या मोठ्या घंगाळात एक्क्याऐंशी फुलं ठेवायची, वर्षाला एक. सगळी इथली. काकूंनी झिनिया सांगितली, कारण तेव्हा वाफ्यात तीच भरून होती: लाल, केशरी, गडद गुलाबी. त्या घरी येणारे सगळे आजूबाजूचेच. काकू म्हणाल्या, "हे नीट झालं ना, तर शनिवारची घरं मागायला जावं नाही लागणार."

आता, झिनिया मी तोवर कधी कापली नव्हती. झेंडू, कोंबडा, बटनफूल माझ्याकडे होतं. झिनिया काकू स्वतः कापायच्या. आणि नेमका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांना पहाटेच झाशीला जावं लागलं, नात्यात कोणी गेलं होतं. गाडीतून त्यांचा फोन आला. "ऐक, झिनिया आज तोडून पाण्यात ठेवून दे. ध्यान ठेव, पक्के पक्के तोड. कच्चे नको."

मी म्हटलं, "काकू, काळजीच करू नका."

असं मी सहसा कोणाला म्हणत नाही. पण पक्का माल म्हणजे काय ते मला नऊ वर्षं माहीत होतं.

ऊन चढायच्या आत मी शंभरेक कळ्या कापल्या. एकेक दोन बोटांत दाबून बघितली. घट्ट, गोल, नुसती रंगाची कडा दिसणारी अशीच घेतली. पूर्ण उमललेली, थाळीसारखी पसरलेली फुलं मी जागेवरच सोडली. फुटलेला माल. कार्यक्रमाला तसली पाठवली तर आपलीच लाज, असं वाटलं. दांडे तिरके छाटले, बादल्या घासून घेतल्या, प्लॉटच्या कोपऱ्यातल्या न्हाणीघरात सावलीला ठेवल्या, वर ओलं फडकं. पॉलिहाऊसमध्ये सुपरवायझरनीसुद्धा मान हलवली असती.

दुपारी एकला फडकं उचललं तर माना पडायला लागल्या होत्या. फुलांच्या. मी पाणी बदललं. दांडे पाण्याच्या आत धरून पुन्हा छाटले. साखर घातली, लिंबू पिळलं. तीनला बघितलं तर सगळ्याच्या सगळ्या खाली बघत होत्या. काकूंना फोन लावायला घेतला आणि ठेवला. तीन-चारदा. शेवटी ह्यांना लावला. हे म्हणाले, "अगं, मला स्पॅनरचं विचार, फुलांचं मी काय सांगू?" आणि मग हळूच, "रडतेयस का?" मी म्हटलं नाही. रडतच होते.

काकू पाचच्या सुमाराला आल्या. रिक्षातून सरळ प्लॉटवर. मी त्यांना न्हाणीघरात नेलं. बादलीशेजारी बसून त्यांनी एक कळी उचलली, उलटसुलट केली.

"हे काय तोडलंस? ही तर बोरं आहेत!"

"तुम्हीच म्हणालात, पक्के तोड."

"हो, तर पक्के कुठे आहेत?"

"हेच ना. दाबून बघा. एकूण एक घट्ट आहे."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बेटा, पक्कं म्हणजे पिकलेलं! पूर्ण झालेलं! आंबा नाही का पक्का असतो?"

"आम्ही त्याला पिकलेला म्हणतो," मी म्हटलं. आणि उंबऱ्यावर बसले. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "उमललेल्यांचं काय केलंस? फेकलीस?"

"नाही. झाडावरच आहेत. फुटलेली म्हणून सोडली."

"चल," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

वाफ्यात त्यांनी मला एका कच्च्या फुलाचा दांडा फुलाखाली वीतभर अंतरावर धरायला लावला. "हलव." हलवला तर फूल लटपटलं, नाही नाही म्हटल्यासारखं. मग एक पसरलेलं, जुनं दिसणारं फूल. "आता हे." हलवलं तर काठी हलावी तसा दांडा फुलासकट सरळ हलला, मान वाकली नाही. "हे पक्कं. हे दहा दिवस राहतं. कच्चं तोडलंस तर ते पुढे उमलतच नाही, मान टाकतं. गुलाबासारखं नाही हे. याला विमानात थोडीच बसायचं आहे? इथून हरिशंकरपुरमला जायचं आहे, रिक्षाने."

आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत प्रत्येक दांडा हलवून मोजत गेलो. पक्की निघाली अठ्ठावन्न.

मी म्हटलं, "काकू, बाकीची सिटी सेंटरच्या दुकानातून आणू. जरबेरा मिळतील. मधे मधे घातली तर कोणाला कळणार?"

"मला कळेल," काकू म्हणाल्या. त्यांनी हातांची माती झटकली. "आणि सकाळी तिथे तू सांगशील. तेवीस कमी आहेत म्हणून."

"मी?"

"तोडली कोणी?"

सकाळी उजाडताच कापली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न, प्रत्येक दांडा पुन्हा हलवून. रिक्षात बादली पायांत घट्ट धरून बसले. वाटेत काकूंनी माझ्या केसातलं पान काढलं. मी हिंदीत वाक्य जुळवत होते, मग आठवलं की तिथे मराठीच बोलायचं आहे, आणि ते तर आणखीच अवघड वाटलं.

सूनबाई दारातच भेटल्या. घंगाळ चिंचेने घासून लखलखीत केलेलं होतं. बादली बघून त्या म्हणाल्या, "वा, काय रंग आहेत!" आणि मी तेवढ्यातच सांगून टाकलं. माझी चूक झाली, कळ्या तोडल्या, त्या गेल्या, अठ्ठावन्नच आहेत.

त्यांचा चेहरा उतरला. "पण आपलं एक्क्याऐंशीचं ठरलं होतं ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. काकू, असं कसं?"

काकू काही बोलायच्या आत, आत खुर्चीवर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "किती आहेत म्हणाली ती?"

"अठ्ठावन्न," सूनबाई जोरात म्हणाल्या.

"बरोबर आहे की. अठ्ठावन्नला मी रिटायर झालो. त्यानंतर मी केलंय काय? पेपर वाचला!"

आत कोणीतरी हसलं. सूनबाई हसल्या नाहीत. "बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीची मस्करी करता."

आजोबांनी मला जवळ बोलावलं. "बाकीची कुठे आहेत?"

"झाडावर आहेत, पण कच्ची आहेत," मी म्हटलं.

"मग होतील तेव्हा आण. घाई काय आहे? मी कुठे चाललोय?"

सूनबाईंनी फुलं घंगाळात लावली. मधे जागा दिसत होती तिथे त्यांनी अंगणातली तुळस घातली. फोटोत ते भरलेलं दिसतं. मला माहीत आहे म्हणून मला मोकळं दिसतं.

मग दर शनिवारी मी हरिशंकरपुरमला जायला लागले. पहिल्या शनिवारी सहा फुलं, पुढच्या वेळी पाच. आजोबा वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायचे. कधी शेजारच्या बाई आलेल्या असायच्या, त्या विचारायच्या, "हे काय चाललंय?" आजोबा सांगायचे, "माझी वर्षं येतायत हप्त्याहप्त्याने." त्या बाईंनी दुसऱ्याच शनिवारी गड्डी मागितली. मग त्यांच्या जावेने. दिवाळीनंतर शनिवारची सहा घरं झाली. सूनबाई आठवडाभराने माझ्याशी बोलायला लागल्या, पण फुलं घेताना प्रत्येक दांडा हलवून बघतात. मीच दाखवलं होतं.

थंडी यंदा लवकर आली. झिनियाची पानं काळी पडायला लागली. शेवटच्या खेपेला दोनच फुलं पक्की मिळाली. आजोबांनी रेघा मोजल्या. एकोणऐंशी.

"दोन कमी," मी म्हटलं. "शेवंती आलीय. शेवंतीची दोन आणू का?"

"शेवंती आण. पण ती शेवंती. ती यात मोजायची नाही," ते म्हणाले. "ती दोन पुढच्या सीझनला. लिहून ठेवतो."

प्लॉटवर आल्यावर काकूंना सांगितलं. त्या ग्लॅडिओलाच्या वाफ्याला पाणी देत होत्या. म्हणाल्या, "मग बी ठेवलंस का?"

ठेवलं होतं. वाळलेल्या दोन फुलांचं, काड्यापेटीत, गव्हाच्या डब्यात.

आत्ता मार्च चालू आहे. गेल्या सोमवारी पेरलं. आज सहावा दिवस, कोंब दिसत नाही. काकू म्हणतात, सारखं सारखं जाऊन बघू नको, माती हलते. मी सकाळी एकदा बघते, दुपारी एकदा. माती हलवत नाही, लांबूनच बघते.